सतरा नंबरचा थांबा

आमच्या ऑफिसातल्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. त्यावर सोलापूरपासून बंदरापर्यंतचा रस्ता दिसतो आणि रस्त्यावर आमच्या गाड्यांचे ठिपके. गाडी वेळेत असेल तर ठिपका हिरवा. वेळापत्रकात नसलेल्या जागी ती दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबली की लाल. पाच-सहा मिनिटं झाली की पडदा किणकिणतो, मग मी ड्रायव्हरला फोन करायचा आणि कारण विचारायचं. लाल झालाच तर त्याच्या नावापुढे एक शेरा. तीन शेरे झाले की तो माणूस बंदर लाइनवरून खाली. पडदा, रंग, किणकिण, सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं. तीन शेऱ्यांचा नियम मालकांचा, पण त्यांनी तो सांगितला तेव्हा मी मान डोलावली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या बुधवारी सकाळी मी ज्या ठिपक्याकडे डोळे लावून बसले होते तो माझ्या वडिलांचा होता, आणि त्यांच्या नावापुढे दोन शेरे आधीच लागलेले होते.

पप्पा पंचवीस वर्षं ट्रेलर चालवतात, सगळी याच मालकांकडे. सोलापूरचे टॉवेल, चादरी, हंगामात डाळिंब, असा माल कंटेनरमध्ये भरून, सील लावून बंदरावर पोचवायचा. आमच्या गल्लीत ‘बंदर लाइनचा माणूस’ ही पदवीच होती. दुसरी असते ती लोकल लाइन. म्हणजे श्रीपूरच्या बाजूनं साखरेची पोती भरायची आणि मालधक्क्यावर आणून टाकायची. पप्पा त्या कामाला नावं ठेवत नसत, पण बंदर लाइनवरून लोकलला आलेला माणूस पुन्हा वर गेलेला त्यांनी पाहिला नव्हता. “तितनं माणूस घरीच जातोय,” ते म्हणायचे. त्यांचं वय छप्पन्न. घरी बसायला ते अजिबात तयार नव्हते.

मला या ऑफिसात आणलं तेही त्यांनीच. मी संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी केलेली, नंतर पुण्यात सहा महिन्यांचा डेटाचा कोर्स. मालकांनी त्यांना विचारलं, “तुमची मुलगी ते कॉम्प्युटरवर माहिती तपासायचं काहीतरी शिकलीय ना?” मला सोडायला आले त्या दिवशी पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्या नाकावर कायम राग, त्यात नवं शिकून आलेली. ऑफिसातल्या जुन्या लोकांना मी पहिल्याच आठवड्यात नकोशी झाले.

प्रत्येक गाडीत जीपीएसची एक काळी डबी बसवलेली होती. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, किती वेळ थांबली, सगळं ती नोंदवत होती. माहिती साठत होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. जहाज कधी लागणार, कधी सुटणार, आपला कंटेनर आत घ्यायला गेट किती वाजेपर्यंत उघडं, हे दर खेपेला बदलतं. आमच्याकडे मात्र गाड्या वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळेला सुटायच्या. त्यामुळे कधी ड्रायव्हर गेटबाहेरच्या रांगेत दीड-दीड दिवस उपाशी उभे, तर कधी गाडी पोचेपर्यंत जहाज निघून गेलेलं. मी दोन वर्षांच्या फेऱ्या उकरून काढल्या. जहाजाची वेळ आणि रस्त्याची वेळ शेजारी शेजारी मांडली, कोणत्या वारी कोणत्या तासाला रांग कमी असते ते काढलं, आणि गेटच्या वेळेपासून मागे मोजत गाड्या सोडायला लावल्या. रांगेतलं ताटकळणं जवळजवळ संपलं. ते काम चांगलं होतं, असं मी आजही म्हणते.

चुकायची सवयही तेव्हापासूनचीच. एकदा जेवताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की नोव्हेंबर ते मार्च टेंभुर्णीच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक गाडीला तासभर जास्त लागतो आणि याचं कारण शोधावं लागेल. पप्पांनी घास गिळला आणि म्हणाले, “ऊस चालू आसतोय की तवा. ट्रॉल्याच्या मागनं जायचं म्हणल्यावर काय हुणार?” आई हसून हसून बेजार. मी चिडून अर्ध्या ताटावरून उठले. खरं तर तिथेच बसून आणखी चार गोष्टी विचारायला हव्या होत्या.

रांगेनंतर मी थांब्यांकडे वळले. गाड्या जिथे जिथे थांबतात त्या जागांना नंबर दिले. पेट्रोलपंप, जेवणाचं हॉटेल, टोलनाका, सगळ्यांची कारणं दिसत होती. सतरा नंबरचं दिसेना. खंडाळ्याचा घाट उतरल्यावर लगेच, रस्त्याच्या कडेला एक मोकळी जागा. नकाशात तिथे हॉटेल नाही, पंप नाही, काही नाही. जुने ड्रायव्हर तिथे चाळीस-चाळीस मिनिटं थांबत होते. नवी पोरं थांबत नव्हती आणि बंदरावर आरामात पोचत होती. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘चहा, गप्पा’. मग तो थांबा वेळापत्रकातून काढून टाकला आणि सोलापुरातून गाड्या चाळीस मिनिटं उशिरा सोडायला सांगितल्या, म्हणजे कारखान्यात माल भरायला तेवढा वेळ जास्त मिळेल. मालक खूष झाले.

पप्पांना विचारावं असं सुचलं नाही, असं नाही. सुचलं होतं. पण त्या थांब्याच्या यादीत सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं. मुलगी बापाची बाजू घेते असं ऑफिसात कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी विचारलं नाही. मला माझ्या ताठपणाचं फार कौतुक वाटलं होतं तेव्हा.

नव्या वेळापत्रकात पप्पांना महिन्याभरात दोन शेरे लागले. दोन्ही सतरा नंबरवर, आणि दोन्ही वेळा माझा फोन त्यांना लागलाच नव्हता. दुसऱ्या वेळी मी घरी त्यांना गाठलंच.

“तिथे करता काय तुम्ही?”

“थांबतो.”

“पण कशाला?”

“थांबायचं आसतंय तितं.”

ते बूट काढून आत गेले. आपल्याला ज्याने सगळं शिकवलं त्याला आपलं काम समजावता येत नाही, याचा मला भयंकर संताप आला. आईला मी म्हटलं, तिसरा शेरा लागला तर मला हात वर करावे लागतील, मग मला बोल लावू नका. तिनं बूट उचलून कोपऱ्यात ठेवले.

तर तो बुधवार. टॉवेलचा कंटेनर होता. गाडी आदल्या दिवशी निघालेली, मुक्काम पुण्याच्या पुढे झालेला. गेट एक वाजता बंद होणार होतं आणि पप्पा पावणेएकला पोचतील असं पडदा दाखवत होता. पंधरा मिनिटं हातात. मी डबा उघडलाच नव्हता. ठिपका घाटातून खाली येत होता, वळणावळणानं, बैलगाडीसारखा. मी मनात म्हणत होते, आज नका थांबू, एवढ्या वेळी ऐका माझं.

दहा चाळीसला ठिपका सतरा नंबरवर आला आणि थांबला.

पाच मिनिटं गेली. सहा झाली आणि पडदा किणकिणला. तो आवाज ऐकून मालक केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. “कोण आहे?” त्यांनी विचारलं, आणि पडद्यावरचं नाव वाचलं. मालक वाईट माणूस नाहीत. पण हा टॉवेलवाला व्यापारी मागच्याच महिन्यात एका चुकलेल्या जहाजावरून त्यांच्याशी भांडून गेलेला होता. “लावा फोन,” ते म्हणाले. मी स्पीकरवर लावला.

एक रिंग वाजायच्या आत पप्पांनी उचलला.

“हॅलो. घाट उतरलो.”

हे दोन शब्द मी जन्मभर ऐकत आले होते. आधी शेजारच्यांच्या फोनवर, मग टीव्हीच्या वर ठेवलेल्या आमच्या पहिल्या मोबाइलवर. पप्पा बंदराच्या खेपेला गेले की आई पीठ मळून ठेवायची आणि तव्याखाली जाळ करायची नाही. फोन यायचा, “घाट उतरलो”, मग “पोरगी शाळंला गेली का?” आणि फोन बंद. त्यानंतर आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो फोन नेमका कुठून येतो, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही आणि मोठेपणीही नाही. सतरा नंबरची जागा मी नकाशात शंभर वेळा मोठी करून पाहिली होती. ती आमच्या घरातलीच आहे हे मला ओळखता आलं नाही.

मालक मागे उभे होते. मी ऑफिसच्या आवाजात विचारलं, “गाडी का थांबलीय?”

“हात ठिवला जाईना अजून.”

“कुठे हात?”

मालकांनी घड्याळ दाखवलं. “गेट जाईल,” ते हळू म्हणाले. “निघायला सांगा.”

दहा मिनिटं पूर्ण व्हायला दोन राहिली होती. दोन मिनिटांनी ठिपका लाल होणार, तिसरा शेरा मलाच लिहावा लागणार आणि माझा बाप उरलेलं आयुष्य पोती मोजत बसणार, एवढंच मला दिसत होतं. मी त्यांना वाचवत होते, असं मला अगदी खरंच वाटत होतं.

“पप्पा, निघा,” मी म्हटलं.



“निघू म्हणतीस?”

“निघा. तिसरा शेरा लागेल.”

“बरं.”

ठिपका हलला. हिरवाच राहिला. मालकांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हलकी थाप मारली आणि केबिनमध्ये गेले. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही लाजिरवाणं वाटतं.

डबा उघडला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. हात ठेवला जाईना म्हणजे काय? ऑफिसच्या मागे आमचं गाड्या दुरुस्तीचं शेड आहे. तिथले मेस्त्री पप्पांच्याच वयाचे, दोघं एकदमच कामाला लागलेले. मी डबा तसाच टाकून त्यांच्याकडे गेले. ते एका ट्रकखाली झोपून काम करत होते. मी वाकून विचारलं, घाट उतरल्यावर ड्रायव्हर थांबून करतात काय?

“हात लावत्यात की,” ते खालूनच म्हणाले.

“कशाला?”

ते बाहेर सरकले. चाकाच्या आतला लोखंडी ड्रम त्यांनी पान्यानं वाजवून दाखवला. “घाटात सारका बिरेक लावाय लागतोय. मग ह्यो डरम तापतोय, भट्टी हुतोय भट्टी. पानी वतायचं न्हाय, तडकतोय. गप उबं ऱ्हायाचं. मग हात ठिवून धा पतोर मोजायचं. धा पतोर हात टिकला की निगायचं.”

“आणि नाही टिकला तर?”

“तर निगायचं न्हाय.”

“आणि निघालं तर? काय होतं?”

मेस्त्री माझ्याकडे बघायला लागले. “फुडं त्या कंटेनरच्या गर्दीत परत बिरेक, परत बिरेक. धरून बसतोय चाकाला. मग टायर आतनं पेटतोय. का गं? कोन निगालंय?”

मी पळत सुटले. धावत येऊन पडद्यासमोर उभी राहिले. ठिपका चालत होता. हिरवागार. मी फोन लावला. रिंग वाजून बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा. चालत्या गाडीत पप्पा फोन उचलत नाहीत, पंचवीस वर्षांत कधी उचलला नाही. तसा उचलला तर शेरा लिहायचा, असंही मीच वेळापत्रकात घातलं होतं.

मी मालकांच्या केबिनचं दार न वाजवता उघडलं आणि काय झालं ते सांगितलं. ते धडपडत बाहेर आले. आमची दुसरी गाडी घाटाच्या वरच होती, तिला निरोप गेला, पण ती अर्ध्या तासानं पोचली असती. आता पडद्याकडे बघत बसण्यावाचून काही करता येत नव्हतं. मेस्त्री हात न धुताच आत येऊन उभे राहिले. त्यांना ऑफिसात आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. कुणी बसा म्हटलं नाही, कुणी बसलं नाही.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी ठिपका थांबला. सतरा नंबरपासून अकरा किलोमीटर पुढे, भर रस्त्यात, जिथे कुणीच कधी थांबत नाही.

मी फोन लावत राहिले. आता गाडी उभी होती, तरी ते उचलत नव्हते. इतक्यात माझाच फोन वाजला. आईचा.

“आज पप्पांचा फोन आला न्हाय घाटावरनं. तुला आला का?”

“आला होता,” मी म्हटलं. “उतरलेत.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली आणि भाकरी करायला गेली.

माझं पडद्यावरचं लक्ष त्यानंतर उडालं. मी खिडकीतून शेडकडे बघत होते. ठिपका मागे लाल झाला असणार, किणकिणही वाजली, पण त्याचं कुणालाच काही नव्हतं. मालक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मीच म्हटलं निघायला सांगा, मीच म्हटलं.” ते माझ्यासाठी म्हणत होते हे कळत होतं, पण मला ते ऐकवेना. पप्पांना निघा म्हणणारा आवाज त्यांचा नव्हता.

अकरा बत्तीसला फोन आला.

“मागलं चाक पेटलं व्हतं,” पप्पा म्हणाले. आवाज खोल, मधे खोकला. “आरशात धूर दिसला. माती टाकून इझवलं. शील शाबूत हाय. कंटेनर शाबूत हाय.”

“तुम्ही?”

“मी हाय की.”

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मेस्त्रींनी आपला काळा हात माझ्या पाठीवर ठेवू का नको असं केलं आणि तसाच मागे घेतला.

जहाज चुकलं. संध्याकाळी नोंद करायची वेळ आली तेव्हा पडद्यानं पप्पांच्या नावापुढे जागा करून ठेवलेली होती, तिसरा शेरा, कारण लिहा. मी लिहिलं, ‘ड्रायव्हर योग्य जागी थांबला होता. ऑफिसने निघायला सांगितले.’ खाली स्वतःचं नाव घातलं. मालक ते वाचून म्हणाले, “राहू द्या तसंच.” तीन शेऱ्यांचा नियम दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. पप्पा बंदर लाइनवर राहिले.

पुढचे आठ दिवस मी मेस्त्रींच्या तेलकट वह्या घेऊन बसले. कोणत्या गाडीचं काय दुरुस्त केलं ते सगळं त्यांनी वर्षानुवर्षं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं. ते मी फेऱ्यांच्या शेजारी मांडलं. जी नवी पोरं सतराला न थांबता आरामात पोचत होती, त्यांच्याच गाड्या परतल्यावर जळलेले ब्रेकचे लायनर आणि करपलेले टायर घेऊन शेडमध्ये येत होत्या. शंभर पावलांवर पडलेल्या वह्या मी दोन वर्षं उघडल्या नव्हत्या, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये नव्हत्या. सतरा नंबरचा थांबा वेळापत्रकात परत आला. गाड्या पुन्हा चाळीस मिनिटं लवकर सुटायला लागल्या.

पप्पा दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, घरी आले होते. डाव्या भुवईचे केस जळालेले, तळहाताला पट्टी. आईला त्यांनी सायलेन्सरला हात लागला असं सांगितलं. ती पाणी आणायला आत गेल्यावर मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं. मग का निघालात?”

“तू म्हणलीस.”

“मी काहीही म्हणेन. मला काय कळतंय त्यातलं?”

त्यांनी पट्टीकडे बघितलं. “इतकी शिकलीस. समद्या गाड्या एका जागी बसून दिसत्यात तुला. म्हणलं, माज्या हाताला कळंना आसं काय तरी हिला दिसलं आसंल.”

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांची पुढची खेप तीन आठवड्यांनी होती. सकाळी ठिपका घाट उतरला, सतरा नंबरवर थांबला आणि हिरवाच राहिला. फोन करायचं मला काही कारण नव्हतं. पण माझाच फोन वाजला.

“घाट उतरलो.”

“घरी सांगितलं का?”

“सांगितलं.” मग, “निघू का?”

पंचवीस वर्षांत हे त्यांनी कुणालाही विचारलं नसेल. मला वाटलं होतं नियम गेला, थांबा परत आला, म्हणजे सगळं जागच्या जागी बसलं. ते बसलं नव्हतं. माझ्या एका शब्दानं त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता, आणि तो कोणत्या वेळापत्रकात भरून द्यायचा ते मला माहीत नव्हतं.

“मला इथून काही दिसत नाही, पप्पा,” मी म्हटलं. “तुम्ही हात ठेवून बघा.”

फोन चालूच राहिला. बुटांचा आवाज आला, बाजूनं एक गाडी गेली. मग त्यांचा आवाज, लांबून, पुटपुटल्यासारखा. एक, दोन, तीन, चार. पुढचा आकडा आला नाही.

“न्हाय टिकत अजून,” ते म्हणाले.

“मग थांबा,” मी म्हटलं, आणि फोन कानालाच धरून बसले.